सोळावी चूल

आमच्या भावकीत पंधरा चुली आहेत. आता सगळ्यांकडे गॅस आहे, पण मोजायच्या वेळी चूलच मोजतात. भाऊ वेगळे झाले, भांडी वाटली गेली, की एक चूल वाढली. दर तीन-चार वर्षांनी माघ महिन्यात, भात झोडून झालं आणि शेतात फक्त वाल-हरभरा उरला, की भावकी जेजुरीला गाडी नेते. त्याचा नियम साधा आहे. चुलीमागे एक माणूस आणि चुलीमागे सारखी वर्गणी. लहानपणी मला हा नियम फार न्यायाचा वाटायचा. हल्ली कुणी त्याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं, आणि का फिरतं हे मी शांतपणे सांगू शकेन असं वाटत नाही.

मागच्या खेपेला परत येताना टोलनाक्यावर भावकीचे पैसे संपले होते. थोरले काका, म्हणजे वडिलांचे सगळ्यांत मोठे चुलतभाऊ, भावकीचा कारभार वर्षानुवर्षं रुमालात बांधून करत आले. गाडीचं भाडं, डिझेल आणि वर थोडे सुटे, एवढाच त्यांचा हिशेब. ड्रायव्हरचा भत्ता, पार्किंग, घाटात जास्त जळणारं डिझेल, मुरबाडहून आमच्या गावापर्यंत गाडी रिकामी येते आणि रिकामी परत जाते त्याचे किलोमीटर, यातलं काहीच त्या रुमालात नव्हतं. शेवटी जावयाला फोन लावून पैसे मागवावे लागले. जावयापुढे हात पसरावा लागला, हे काकांना फार लागलं. म्हणून या वेळी ते आमच्या पडवीत येऊन बसले आणि मला म्हणाले, "तू त्या गोडावनात गाड्यांचे हिशेब करतस ना गो? या टायमाला पुरा खर्च काढून दे. एक रुपया कमी पडला नाय पायजे."

मी आसनगावजवळ हायवेच्या कडेला एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला आहे. ट्रक भरून बाहेर पडण्याआधी त्या फेरीला किती खर्च येणार हे काढायचं, हे माझं काम. आठ वर्षं तेच करतेय. त्यात एक गोष्ट मला पक्की कळली आहे. कागदावर न लिहिलेला खर्च कुठे जात नाही, तो कुणाच्या तरी अंगावर पडतो. कधी ड्रायव्हर उपाशी झोपतो, कधी हमाल दोन तास जादा राबतो. मालकाच्या कागदावर मात्र फेरी स्वस्तात झालेली असते.

तर मी मन लावून बसले. खरं सांगायचं तर मला मजाच येत होती. ट्रकांऐवजी पहिल्यांदा माणसांची फेरी काढत होते. सतरा सीटची ट्रॅव्हलर, दोन दिवस, एक मुक्काम. भाडं गाडी मुरबाडहून निघाल्यापासून धरलं. माळशेजच्या घाटासाठी डिझेल वाढवून धरलं. टोल, ड्रायव्हरचं जेवण आणि भत्ता, मुक्कामाच्या खोल्या, गाडीत कुणाला उलटी झाली तर धुण्याचे पैसे, सगळं लिहिलं. मग जेवणावर आले. दोन दिवसांची चार जेवणं, चहा-नाश्ता वेगळा. हॉटेलचा आकडा काढला आणि काकांना सांगितला, तर ते हसले. "जेवण कशाला धरतस? ते घरूनच जातंय. त्याचे काय पैसे?"

घरून म्हणजे कुणाच्या घरून, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. आमच्या भावकीत घरून म्हणजे आत्याकडून.

आत्या माझ्या वडिलांची बहीण. सिद्धगडाच्या पायथ्याकडे दिली होती. दोन पावसाळे काढले आणि नवऱ्याने दुसरी आणली तशी आपली पेटी उचलून परत आली. आजोबांनी तिला घरामागे एक खोली काढून दिली. त्या खोलीत तिची वेगळी चूल आहे, वेगळी भांडी आहेत, वेगळा हंडा आहे. पावसाळ्यात ती काकड्या आणि शिराळी लावते, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं आणते, किन्हवलीच्या बाजारात विकते आणि आपलं आपण खाते. कुणाच्या ताटावर ती बसलेली मी पाहिलेली नाही. पण बारसं असो की दहावं, भावकीत मोठं पातेलं चढलं की आधी तिला हाक जाते. तिच्या हाताला चव आहे म्हणतात. चव आहेच. ती चव फुकट आहे, म्हणून जास्तच लागते.

मी खर्च काढत होते त्याच संध्याकाळी आत्या आली. दारातच उभी राहिली. कमरेच्या पिशवीतून नोटांची गुंडाळी काढून माझ्यापुढे धरली. "मोज. वर्गणीचे हायत. माझी पण चूल धर."

मी विचारलं, "तुला जायचंय?"

"जायाचंय काय विचारतस? माझा नवस हाय," ती म्हणाली. "तुझ्या भावाचा."

हे मला तोवर माहीत नव्हतं. माझा भाऊ दोन वर्षांचा होता आणि मी बाळंतिणीच्या खोलीत आईजवळ. भावाला ताप चढला, डोळे फिरले. वडील कामाला बाहेरगावी. आत्या त्याला खांद्यावर टाकून किन्हवलीपर्यंत चालत गेली, तिथून मिळेल त्या गाडीने शहापूरला. वाटेत तिने बोलून टाकलं, पोरगं हसतंखेळतं घरी आण, गडावर येऊन तुझी तळी उचलीन. पोरगं घरी आलं. आता ते तीस वर्षांचं आहे आणि त्याला मोटारसायकलच्या हप्त्यांपलीकडे काही ताप नाही. तळी मात्र अजून राहिली होती. तळी म्हणजे ताटात खोबरं, पान-सुपारी, भंडारा ठेवायचा आणि येळकोट म्हणत ते ताट वर उचलायचं. त्याला पाच पुरुष लागतात अशी आमच्याकडची रीत. आत्याकडे पाच पुरुष कुठले? भावकीच्या गाडीतून गेलं तरच ते जमणार. मी जन्मल्यापासून किती गाड्या गेल्या, प्रत्येक वेळी ती राहिली. आता तिचे गुडघे दुखायला लागले होते आणि गडाला पायऱ्या आहेत. "या खेपेला नाय झाला तर मग माझ्याच्यानं चढवणार नाय," ती म्हणाली.

मी पैसे मोजले. वर्गणीइतके बरोबर होते. मी कागदावर सोळावी चूल लिहिली, प्रत्येकाची वर्गणी त्याप्रमाणे थोडी कमी करून मांडली आणि जेवणाच्या ओळीत शून्याच्या जागी स्वयंपाकाची मजुरी म्हणून एक आकडा टाकला. ट्रकच्या कागदावर हमाली टाकते, तसाच. मला वाटलं होतं काका खूश होतील, वर्गणी कमी झाली म्हणून.

बैठक काकांच्या अंगणात झाली. मी कागद वाचून दाखवला. घाटाचं डिझेल ऐकून मान हलली, रिकामे किलोमीटर ऐकून कौतुक झालं. स्वयंपाकाच्या मजुरीवर हशा पिकला, पण ती ओळ कुणी खोडली नाही. मग मी सोळावी चूल वाचली आणि हसू थांबलं.

"ही कुणाची?" काकांनी विचारलं.

"आत्याची. तिने पैसे दिलेत."

काकांनी दोन्ही हात वर केले, जणू मी त्यांना विस्तव दिला. "परत दे. आपण लेकीकडून वर्गणी घेत नाय. माहेरवाशिणीचा पैसा देवाला लावायचा? आमाला काय लाज-शरम हाय का नाय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, आपल्या पूर्वजांनी किती विचार करून ठेवलाय बघा. चेहऱ्यांवर इतकं समाधान होतं, की बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लेकीकडून पैसा घेत नाही, हे ऐकायला किती गोड. पैसा घेत नाही म्हणजे चूल नाही. चूल नाही म्हणजे सीट नाही. तिच्या हातच्या चपात्या घेता, पिठासकट घेता, तेव्हा ती लेक नसते का? मी हे सगळं बोलले. मोठ्याने बोलले. माझे वडील जमिनीकडे बघत बसले. ते चांगले आहेत, पण बैठकीत त्यांची जीभ टाळ्याला चिकटते, आणि मला त्यांच्या त्या चांगुलपणाचाही राग आला.

"मग तिच्या नवसाचं काय?" मी विचारलं.

"त्यात काय?" काका म्हणाले. "सामान दे आमच्याकडं. आमी पाच जण हायत, तिची तळी उचलू. देवाला काय, भाव पोचला म्हणजे झाला. तिला कशाला त्या पायऱ्यांचा तरास?"

हा त्रास वाचवायचा कळवळा मला नवा नव्हता. आमच्याकडे बाईला एखादी गोष्ट द्यायची नसली की तिचा त्रास वाचवतात.

मी घरी जाऊन सांगितलं ते आत्याने ऐकलं. पैसे परत घेतले. दोन दिवसांनी पिवळ्या कापडाच्या पिशवीत खोबऱ्याची वाटी, सुपाऱ्या, पानं, भंडारा आणि एक नवं ताट बांधून तिने ती पिशवी माझ्या भावाच्या हातात दिली. आमच्या चुलीची जागा त्याला मिळाली होती. मला कुणी विचारलंही नव्हतं. हिशेब मी केला, पण मीही उद्या दुसऱ्याच्या चुलीवर जाणारच, असं त्यांचं गणित. "विसरू नको रे," आत्या त्याला म्हणाली. "तुझीच हाय."

आदल्या संध्याकाळपासून आत्याच्या खोलीतून तव्याचा वास येत होता. पंधरा माणसं आणि ड्रायव्हर. चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, तांदळाच्या भाकऱ्या आणि नैवेद्याच्या पुरणपोळ्या. दोन सुना मदतीला आल्या होत्या, त्या पोरांना निजवायला म्हणून गेल्या त्या परत आल्या नाहीत. मी पुरण वाटून दिलं आणि वाटताना सारखी बडबडत राहिले. आत्या म्हणाली, "तोंड कमी चालव, हात चालव." सकाळी डबे गाडीत चढले तेव्हा तिच्या मनगटांना सूज होती.

गाडीत पंधरा चुलींचे पंधरा जण बसले. दोन सीट रिकाम्या होत्या. मी हे आधीच हेरून ठेवलं होतं आणि शेवटच्या क्षणी आत्याला चढवायचं मनात योजलं होतं. तेवढ्यात काकांचा जावई आला आणि त्याच्याबरोबर त्याचा एक मित्र. "गाडी जातेच हाय, बसा की," काका म्हणाले. जावयाला खिडकी दिली. त्या मित्राचं नाव गाडीतल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. तो वर्गणीत नव्हता, भावकीत नव्हता, आणि त्याला बसायला माझ्या आत्याच्या खोलीतून आणलेली उशी दिली गेली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, हाळी झाली, आणि आत्या डब्यांची फडकी झटकत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी रात्री गाडी परतली. तिसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर उरलेल्या पैशांसाठी आला. हिशेब माझ्याकडे होता म्हणून तो थेट आमच्याकडे आला. मी पैसे दिले, त्याने सही केली, आणि जाता जाता म्हणाला, "ताई, मागच्या सीटखाली ही पिशवी राहिली. झाडताना सापडली."

पिवळी पिशवी. गाठ आत्यानेच मारलेली होती. कुणी सोडलीही नव्हती. पानं आतल्या आत काळी पडली होती.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. भाऊ अंगणात दात घासत होता. मी पिशवी त्याच्या तोंडापुढे धरली. तो आधी चपापला, मग म्हणाला, "अगं, सगळ्यांची मिळून एकच तळी उचलली ना. काका बोलले, वेगळी कशाला, त्यात तिची आलीच."

त्यात तिची आलीच! वर्गणीत ती येत नाही, सीटमध्ये येत नाही, पण तळीत ती आपोआप आली. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने चूळ भरली आणि म्हणाला, "एवढं काय झालं? पुढच्या वेळी उचलू." त्याला खरोखर कळत नव्हतं. तो वाईट माणूस नाही. पण ज्याला खांद्यावर टाकून एक बाई किन्हवलीपर्यंत चालत गेली, त्याला तिची पिशवी सीटखालून वर गडावर नेता आली नाही, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही. मला आजही त्याच्याकडे बघितलं की ती चूळ आठवते.

त्याच संध्याकाळी हिशेबाची बैठक होती. काका खुशीत होते. आयुष्यात पहिल्यांदा पैसे उरले होते. त्यांनी माझी पाठ थोपटली, शिकलेल्या पोरीचा असा उपयोग असतो म्हणाले. मग ठरलं की उरलेल्या पैशांत रविवारी मटण करायचं. "आत्याला सांग, मसाला वाटून ठेव म्हणावं."

मी उठून उभी राहिले. पिशवी चटईच्या मधोमध टाकली. "पैसे कशामुळे उरले माहीत आहे का तुम्हाला? जेवणाचे उरले. गाडीभर माणसांची दोन दिवसांची जेवणं जिने केली, तिचे आहेत ते. त्या पैशांत एक कार करा आणि आत्याला जेजुरीला न्या. तुमच्यातले पाच जण चला, तिची तळी उचला. आणि नाही तर निदान ते मटण स्वतः शिजवा."

काका लाल झाले. "घरच्या लेकीला मजुरी द्यायची? तिचा अपमान करतस तू." दुसरा एक काका म्हणाला, एकदा तळी उचलली की उचलली, दोनदा उचलायची रीत नाय. तिसऱ्याने विचारलं, देवाशी पण तू बिलं फाडणार काय? हे शेवटचं ऐकून बरेच जण हसले. मी एकटी उभी होते आणि माझा आवाज फाटला होता, आणि ओरडणाऱ्या बाईचं कुणी ऐकत नाही हे मला माहीत असूनही मला ओरडणं थांबवता येत नव्हतं.

आत्या केव्हा आली होती कुणास ठाऊक. कुडाजवळून तिचा आवाज आला. "मजुरी कुणी मागितली?" ती चटईपर्यंत आली, वाकून पिशवी उचलली, गाठ तशीच आहे हे बोटाने चाचपून पाहिलं. मग काकांना म्हणाली, "दादा, मसाला मी नाय वाटणार. रविवारी मी हितं नाय."

"कुठं चाललीस?"

"देवाला."

"आणि पुरुष कुठनं आणशील?"

"जेजुरीला काय बायाच असतात?" आत्या म्हणाली आणि निघाली. 

मी रविवारला जोडून रजा घेतली. आत्याने मला खर्च काढायला सांगितला आणि मी काढला. किन्हवलीहून मुरबाड, मुरबाडहून माळशेज चढून आळेफाटा, तिथून पुणे, पुण्याहून जेजुरी, सगळं एसटीने. बायकांना अर्धं तिकीट. एक मुक्काम, दोन थाळ्या, चहा. मी म्हटलं, अर्धे मी देते. ती म्हणाली, नवस माझा हाय. भाकऱ्या बांधून घेऊ का विचारलं, तर म्हणाली, "नाय. मी विकत खाणार."

मुरबाडच्या गाडीत कंडक्टर आला. आत्याने नोट पुढे केली. त्याने ती न बघताच आपल्या चामडी पिशवीत टाकली, तिकीट फाडून हातात दिलं आणि पुढे गेला. आत्या तिकिटाकडे बराच वेळ बघत राहिली. "घेतले गो याने," ती म्हणाली. मी खिडकीबाहेर तोंड केलं, कारण मला रडू येत होतं आणि मला रडायचं नव्हतं, मला माझा राग शाबूत ठेवायचा होता.

घाटात तिने डोळे मिटले नाहीत. सगळं बघत होती आणि बोलत होती. ही दरी केवढी, ती माकडं कशी माजलीत, पलीकडे वर गेलं की हवा बदलते. आळेफाट्याला तिने मिसळ खाल्ली आणि मालकाला सांगितलं की रश्श्यात खोबरं जास्त भाजलंय. मालकाने ऐकून घेतलं. पुण्यात गाडी बदलताना ती माझा हात न धरता चालली.

पायऱ्यांना वेळ लागला. दर थोड्या पायऱ्यांनी ती बसायची, गुडघे दाबायची आणि देवाला नाव घेऊन शिव्या द्यायची. भंडाऱ्याने पायऱ्या पिवळ्या झाल्या होत्या आणि आमचे पायही. मी नवं खोबरं आणि पानं खाली विकत घेतली होती. ताट मात्र तेच होतं, आत्याने परत घासून आणलेलं.

वर गर्दी होती. आत्याने ताट मांडलं आणि इकडेतिकडे बघितलं. मला घाबरायला झालं. कुणाला कसं विचारायचं, काय सांगायचं, आमचे पुरुष कुठे आहेत म्हणाले तर काय, हे सगळं मी बसमध्ये घोकलं होतं. आत्याने मला बोलूच दिलं नाही. बाजूने पाच-सहा माणसं आपली तळी उरकून निघाली होती, टोप्या घातलेली, शेतकरीच दिसत होती. तिने त्यातल्या एकाचा शर्ट धरला. "दादा, एवढी तळी उचलून द्या. आमच्यात पुरुष नाय."

तो थांबला. बाकीच्यांना हाक मारली. "अरे, या रे, मावशींची तळी हाय." कुणी विचारलं नाही की तुमची चूल कुठली, कुणाच्या लेकी, वर्गणी कुणी दिली. पाच जण ताटाभोवती वाकले, येळकोट म्हणत तीनदा ताट वर उचललं, एकाने आत्याच्या कपाळाला भंडारा लावला. माझ्याही लावला. "कुणाचा नवस?" त्याने सहज विचारलं. "भाच्याचा," आत्या म्हणाली. "जगला तो." "बरं झालं मावशी," तो म्हणाला.

झालं. एवढंच काम होतं. अनोळखी माणसाला शर्टाला धरून सांगितलं आणि झालं. एवढ्यासाठी आमच्या भावकीने या बाईला अख्खं आयुष्य ताटकळत ठेवलं. गडावर उभी राहून मला हात जोडवेनात. आजूबाजूला लोक आनंदाने भंडारा उधळत होते आणि मी दात आवळून उभी होते. आत्याने माझ्याकडे बघितलं. "देवाच्या दारात तरी तोंड सरळ कर," ती म्हणाली. मी नाही केलं.

तिने खोबरं फोडलं. आमच्यात तळीचं खोबरं घरी आणून भावकीत वाटतात, घरटी एक तुकडा, आणि ज्याच्यासाठी नवस बोललेला त्याला पहिला. आत्याने तिथेच पदरात खोबऱ्याचे तुकडे केले आणि त्या पाच माणसांना वाटले, त्यांच्याबरोबरच्या बायकांना वाटले, पोरांना वाटले. उरला तो तुकडा माझ्या तोंडात घातला आणि पदर झटकला.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आत्या खोलीच्या पायरीवर बसून गुडघ्यांना तेल लावत होती. भाऊ आला. त्याच्यामागे काकाही आले होते, पण ते अंगणाच्या कडेला थांबले. भाऊ पायरीपाशी वाकला, आत्याच्या पाया पडला आणि प्रसादासाठी ओंजळ पुढे केली. नवस त्याच्यासाठी बोललेला, म्हणून पहिला तुकडा त्याचा, हे त्याला माहीत होतं.

आत्या त्याच्या ओंजळीकडे बघत राहिली. "नाय रे आणला," ती म्हणाली. "ज्यांनी उचलली त्यांना वाटला."

भाऊ तसाच वाकलेला राहिला. आत्याने तेलाची वाटी बाजूला सरकवली आणि चूल पेटवायला आत गेली.